नाशिकच्या वाइन द्राक्षांवरील हवामानाचा परिणाम

महाराष्ट्रातील नाशिक जिल्हा हा भारतातील वाइननिर्मितीचा प्रमुख प्रदेश असून 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे. या प्रदेशात वाइन द्राक्षांचे उत्पादन आणि त्यांची प्रत दरवर्षी बदलते. हा बदल बहुतांशी त्या वर्षाच्या हवामानावर अवलंबून असतो. युरोपातील द्राक्षप्रदेशांत वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि शरदात फळ देते. तेथील 'चांगले वर्ष' म्हणजे मुख्यतः चांगला उन्हाळा आणि कोरडा शरद. नाशिकची वेल मात्र वर्षभर हिरवी राहते. तिची छाटणी वर्षातून दोनदा होते आणि पीक एकदाच घेतले जाते. त्यामुळे येथे एका हंगामाचे भवितव्य तीन वेगवेगळ्या काळांत ठरते: एप्रिल ते जून या काळात काडीत घड तयार होतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते फुटून फुलोऱ्यावर येतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये मणी पिकतात. यांपैकी पहिले दोन काळ प्रामुख्याने उत्पादन किती येणार ते ठरवतात, तर तिसरा काळ वाइन कशी होणार ते ठरवतो. एखादे वर्ष उत्पादनाला वाईट पण प्रतीला उत्तम ठरू शकते आणि याच्या उलटही घडते.

भौगोलिक पार्श्वभूमी

नाशिक शहर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर वसले आहे. जगातील बहुतेक प्रसिद्ध वाइनप्रदेश ३० ते ५० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. नाशिक त्या पट्ट्याच्या बरेच दक्षिणेस असूनही येथे वाइन द्राक्षे पिकतात, याचे कारण उंची आणि कोरडा हिवाळा. पिकण्याच्या काळात दिवस उबदार आणि रात्री थंड असतात. जानेवारीत दुपारचे तापमान ३० अंश सेल्सियसच्या आसपास असताना पहाटे ते १० अंशांपर्यंत उतरते.

जिल्ह्यातील पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने घटत जातो. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडील नांदगावला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपासच. या दोन टोकांच्या मध्ये दिंडोरी, नाशिक, निफाड आणि चांदवड या तालुक्यांत जिल्ह्यातील बहुतेक द्राक्षबागा आहेत. तेथे स्थानिक पाऊस फार नसला तरी पश्चिमेच्या डोंगरांत पडलेले पाणी गंगापूर, पालखेड, करंजवण, वाघाड अशा धरणांतून कालव्यांनी येते. अतिपावसापासून दूर आणि पाण्याच्या जवळ, हे नाशिकच्या द्राक्षपट्ट्याचे खरे भांडवल आहे.

राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गंगापूर धरणाच्या परिसरात सुला व्हिनयार्ड्‌सच्या लागवडीस प्रारंभ केला. शेनिन ब्लांक आणि सोव्हिन्यों ब्लांक या पांढऱ्या जातींपासून ही सुरुवात झाली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि निफाड तालुक्यातील विंचूर येथे वाइन पार्क उभे राहिले. त्यानंतरच्या काही वर्षांत जिल्ह्यात वायनरींची संख्या वेगाने वाढली. तरीही खाण्याच्या द्राक्षांच्या तुलनेत वाइन द्राक्षांचे क्षेत्र लहानच आहे, आणि येथील हवामानविषयक अनुभवाचा मोठा भाग खाण्याच्या द्राक्षांच्या बागांतूनच आला आहे.

दोन छाटण्या

हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये वेल जवळपास ओलांड्यापर्यंत छाटली जाते. हिला खरड छाटणी म्हणतात. तिच्यानंतर फुटणाऱ्या नव्या काड्यांवरील डोळ्यांत पुढील हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. ही सूक्ष्म घडनिर्मिती डोळ्यांनी दिसत नाही. तिचा हिशेब पाच-सहा महिन्यांनी, दुसऱ्या छाटणीनंतर लागतो. पावसाळ्यात काड्या पक्व होतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी केली जाते. शेतकरी तिला गोडी छाटणी असेही म्हणतात. छाटणीनंतर आठ-बारा दिवसांत डोळे फुटतात, साधारण पाच-सहा आठवड्यांत फुलोरा येतो आणि जातीनुसार साडेचार ते पाच महिन्यांत फळ तोडणीस येते.

वेलीला नैसर्गिक शीतनिद्रा नसल्यामुळे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटलेल्या काडीला हायड्रोजन सायनामाइड लावले जाते. त्यामुळे येथे हंगामाचा आरंभ निसर्ग करीत नाही. बागायतदार कात्री हाती घेतो तेव्हा तो होतो. फ्रान्समध्ये वेल कधी फुटेल हे वसंत ठरवतो, तर नाशिकमध्ये ती कधी फुटावी हे माणूस ठरवतो आणि पुढील पाच महिन्यांच्या हवामानाचा अंदाज बांधूनच त्याला ते ठरवावे लागते.

एप्रिल ते जून: न दिसणारे पीक

सूक्ष्म घडनिर्मितीस भरपूर सूर्यप्रकाश, उष्णता आणि पाण्याचा थोडा ताण लागतो. नाशिकचा कडक उन्हाळा एरवी शेतीला त्रासदायक असला तरी द्राक्षवेलीला या टप्प्यावर तो हवाच असतो. आकाश दीर्घकाळ ढगाळ राहिले किंवा वळवाचा पाऊस लांबला, तर वेलीची शाकीय वाढ जोमाने होते. पाने दाट होतात, आतल्या डोळ्यांपर्यंत प्रकाश पोहोचत नाही आणि ज्या डोळ्यांत घड व्हायचे तेथे बाळी तयार होते. ऑक्टोबरमध्ये अशा काड्या फुटतात तेव्हा हिरवळ भरपूर आणि घड मोजके, असे चित्र दिसते.

२०२५ चा मे महिना महाराष्ट्रात असाधारण पावसाचा ठरला. वळवाच्या सरींपाठोपाठ २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख ११ जूनच्या आसपास असते. खरड छाटणीनंतरचा जो काळ स्वच्छ उन्हाचा असायला हवा, नेमका तोच ढगांखाली गेला. अशा वर्षी नुकसान डोळ्यांसमोर घडत नसल्यामुळे पंचनामा करण्यासारखे काहीच नसते. बाग हिरवीगार दिसते, आणि तोटा निम्म्या वर्षानंतर उघड होतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: परतीचा पाऊस

नाशिकच्या द्राक्षशेतीत सर्वाधिक चिंतेचा काळ हाच. मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जिल्ह्यातून परततो. तो वेळेवर गेला तर फुटवे कोरड्या, उजळ हवेत वाढतात. तो रेंगाळला किंवा अरबी समुद्रातील चक्रीवादळामुळे पुन्हा आला, तर कोवळी पाने आणि घड ओले राहतात. मग डाऊनी मिल्ड्यू हा बुरशीजन्य रोग, ज्याला शेतकरी केवडा म्हणतात, काही दिवसांत बाग ग्रासतो. ओले पान आणि २० ते २५ अंशांचे तापमान एवढे या बुरशीला पुरेसे असते. पोंगा अवस्थेत पाऊस झाल्यास कोवळे घड कुजतात किंवा जिरतात. फुलोऱ्यात झाल्यास परागण बिघडते आणि फुलांची गळ होते. पाऊस नसला तरी ढगाळ हवा आणि दाट पानोरा यांत भुरी पसरते.

केवड्यावरील जुना उपाय म्हणजे मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण. फ्रान्समधील बोर्दो येथे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ मध्ये त्याचा परिणाम जगापुढे मांडला. त्या शहराची वाइन कधीही न चाखलेल्या नाशिकच्या बागायतदाराच्या तोंडी शहराचे नाव असते ते या निळ्या औषधामुळे. मात्र पावसाळी हवेत फवारणी धुऊन जाते, चिखलामुळे ट्रॅक्टर बागेत जात नाही आणि पुन्हा फवारावे लागते. त्यामुळे ओल्या ऑक्टोबरचा परिणाम उत्पादनाइतकाच खर्चावरही होतो.

नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले आणि त्याच्या पावसाने नाशिकच्या द्राक्षबागांचे मोठे नुकसान केले. २०१९ मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत 'क्यार' आणि 'महा' ही दोन वादळे अरबी समुद्रात पाठोपाठ निर्माण झाली. लांबलेल्या पावसात लवकर छाटलेल्या बागांना सर्वाधिक फटका बसला. डिसेंबर २०१७ मधील 'ओखी' वादळाच्या पावसाने वेगळी भीती उभी केली. त्या वेळी लवकर छाटलेल्या बागांत मणी भरत आले होते, आणि पिकत आलेल्या मण्यांनी एकदम पाणी शोषले की ते तडकतात. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाडसह जिल्ह्याच्या अनेक भागांत अवकाळी पावसाबरोबर गारपीट झाली. गारेने फुटलेला मणी सुकतो किंवा कुजतो आणि शेजारच्या मण्यांनाही बाधा पोहोचवतो. शिवाय काडीला झालेली जखम पुढच्या हंगामापर्यंत त्रास देते.

जानेवारी ते मार्च: प्रतीचा काळ

मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ होऊ लागून काळ्या जातींत रंग भरू लागल्यावर, साखर वाढते आणि आम्ल घटते. वाइनसाठी हे दोन्ही एकाच वेळी योग्य ठिकाणी यावे लागतात. साध्या वाइनसाठी द्राक्षे सामान्यतः २१ ते २४ ब्रिक्स साखरेला तोडतात. फेसाळ वाइनसाठी आम्ल अधिक हवे असल्यामुळे ती त्याहून बरीच आधी तोडली जातात.

मण्यातील मॅलिक आम्ल वेल श्वसनात खर्च करते आणि तापमान वाढले की हा खर्च वेगाने होतो. थंड रात्री तो मंदावतो. त्यामुळे ज्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्री थंड राहतात त्या वर्षीच्या पांढऱ्या वाइनमध्ये तजेला आणि सुगंध टिकून राहतो. उष्ण वर्षी साखर पुढे धावते, आम्ल खाली येते आणि बियांची व सालीची पक्वता मागे राहते. काळ्या द्राक्षांतील रंगद्रव्यही ३५ अंशांच्या वर नीट साठत नाही. अशा वर्षी चाखणाऱ्याला मद्यार्क जाणवतो आणि फळाचा स्वाद मात्र कमी वाटतो.

येथे नाशिक आणि युरोप यांच्यात एक मूलभूत फरक आहे, आणि जिल्ह्यातील वाइन समजून घ्यायची तर तो ध्यानात ठेवावा लागतो. युरोपात द्राक्षे उन्हाळ्याकडून शरदाकडे, म्हणजे गारव्याकडे जात पिकतात. तेथे तोडणीला उशीर झाला तर पावसाची भीती असते, पण आम्ल सांभाळले जाते. नाशिकमध्ये द्राक्षे हिवाळ्याकडून उन्हाळ्याकडे जात पिकतात. प्रत्येक आठवड्याच्या उशिराने हवा तापते, मार्चमध्ये दुपार ३५ अंशांपलीकडे जाते आणि तोडणीची योग्य वेळ काही दिवसांवर येऊन ठेपते. भारतीय हवामान विभागाच्या नोंदींनुसार मार्च २०२२ हा देशातील १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये कमाल तापमानाच्या देशव्यापी सरासरीने तोवरचा उच्चांक गाठला. अशा वर्षांत उशिरा पिकणाऱ्या काबेर्ने सोव्हिन्योंसारख्या जातीची सर्वाधिक कसोटी लागते.

फार थंडीही हितकारक नसते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडजवळील कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात पारा २ अंशांच्या खाली उतरला होता. इतक्या थंडीत वाढ थांबते आणि पाणी उतरलेले मणी तडकतात. तेव्हा बागायतदार पहाटे ठिबक सुरू करतात आणि बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतात. २०१४ च्या फेब्रुवारी अखेरीस आणि मार्चमध्ये महाराष्ट्रात जी व्यापक गारपीट झाली तिच्यात नाशिकचाही समावेश होता. तोडणीला आलेले पीक त्या टप्प्यावर गेले की हंगाम पुन्हा उभा करण्याचा कोणताही मार्ग उरत नाही.

छाटणीच्या तारखेचा पेच

वरील दोन्ही संकटे एकाच निर्णयाने बांधलेली आहेत. सप्टेंबरच्या सुरुवातीस छाटणी केली तर द्राक्षे जानेवारी अखेरीच्या गारव्यात पिकतात, पण फुटवे परतीच्या पावसात सापडतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर छाटणी केली तर पाऊस टळतो, पण फळ मार्चच्या उन्हात पिकते. पावसापासून वाचवलेला प्रत्येक आठवडा पुढे उन्हात भरून द्यावा लागतो. म्हणूनच जाणते बागायतदार सर्व बाग एकाच दिवशी छाटत नाहीत. लवकर पिकणाऱ्या पांढऱ्या जाती व उशिरा पिकणाऱ्या काळ्या जाती यांच्या छाटणीतही अंतर ठेवले जाते. बागलाण, देवळा, कळवण या भागांत खाण्याच्या द्राक्षांची आगाप छाटणी पावसाळ्यातच करण्याची पद्धत आहे. तेथे जोखीम मोठी, पण डिसेंबरच्या बाजारात मिळणारा भावही मोठा. वाइन द्राक्षांना असा हंगामपूर्व भाव नसतो. त्यांचा दर बहुधा वायनरीशी झालेल्या कराराने आणि साखरेच्या प्रमाणाने ठरतो, त्यामुळे ही जोखीम घेण्याचे प्रयोजनही कमी.

प्रिन्स्टन विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अशेनफेल्टर यांनी बोर्दो वाइनच्या प्रतीचा अंदाज तीन हवामानघटकांवरून बांधता येतो असे दाखवले होते: आधीच्या हिवाळ्यातील पाऊस, वाढीच्या काळातील सरासरी तापमान आणि तोडणीआधीचा पाऊस. हे सूत्र नाशिकला जसेच्या तसे लागू करता येणार नाही. येथे तोडणीआधी पाऊस सहसा नसतोच. बोर्दोला अधिक उष्णता बहुधा चांगले वर्ष देत आली, पण नाशिकला ती मुळातच पुरेशी आहे. शिवाय छाटणीची तारीख हा घटक त्या सूत्रात कोठेच नाही.

जातींनुसार फरक

एकाच वर्षाचे हवामान सर्व जातींना सारखे भोवत नाही. शेनिन ब्लांक आणि झिनफँडेल यांचे घड घट्ट असतात. पावसानंतर आतले मणी वाळत नाहीत आणि घडकूज लवकर लागते. काबेर्ने सोव्हिन्योंचे मणी लहान, साल जाड आणि घड सुटे असल्यामुळे ती ओल्या हवेत अधिक तग धरते, पण पिकायला उशीर लावून उष्णतेच्या तावडीत सापडते. शिराझ ही जात उष्णता बऱ्यापैकी सोसते. नाशिकमध्ये ती रुजली याचे हे एक कारण मानता येईल. सोव्हिन्यों ब्लांकचा हिरवट, ताजा सुगंध उन्हात लवकर उडतो, त्यामुळे थंड वर्ष आणि उष्ण वर्ष यांतील फरक बाटलीत ओळखायचा असेल तर ही जात सर्वांत बोलकी ठरते.

नांदगाव आणि कोरडा पूर्वभाग

द्राक्षपट्ट्याच्या पूर्वेस, सातमाळा डोंगररांगेपलीकडे गिरणा खोऱ्यात नांदगाव तालुका येतो. केवळ हवेचा विचार केला तर येथील कमी पाऊस आणि कोरडी हवा द्राक्षरोगांना प्रतिकूल आहे. केवड्याला लागणारी ओल येथे पश्चिमेपेक्षा कमी दिवस टिकते. तरीही तालुका द्राक्षांपेक्षा कांदा, मका आणि बाजरीसाठी ओळखला जातो. अडचण पाण्याची आहे. गिरणा धरण याच तालुक्यात असले तरी त्याच्या पाण्याचा मोठा लाभ खाली जळगाव जिल्ह्याला होतो, आणि नाग्यासाक्यासारखे स्थानिक प्रकल्प पाऊस कमी झाला की भरत नाहीत. खरड छाटणी नेमकी पाणीटंचाईच्या एप्रिल-मेमध्ये येते. घडनिर्मितीला थोडा ताण हवा असतो हे खरे, पण वेल सुकेल इतका नव्हे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत नांदगावसह नाशिक जिल्ह्यातील अनेक तालुके होते. अशा वर्षी धरणाखालच्या दिंडोरी-निफाडची बाग आणि शेततळ्यावर वा टँकरवर अवलंबून असलेली पूर्वेकडील बाग एकाच जिल्ह्यात राहून दोन वेगळी वर्षे जगतात. दुष्काळी वर्षी मणी लहान राहतात, उत्पादन घटते आणि रस दाट होतो. काळ्या वाइनला हे काही मर्यादेपर्यंत मानवते. म्हणूनच कोरडे वर्ष वायनरीच्या दृष्टीने समाधानकारक आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तोट्याचे असू शकते. डॉगरिजसारख्या खुंटांवर केलेल्या कलमांमुळे पाण्याचा ताण आणि क्षारता सोसण्याची वेलीची क्षमता वाढते, पण हा खुंट पालाशही अधिक उचलतो. रसात पालाश वाढले की सामू चढतो आणि आधीच कमी पडणारे आम्ल आणखी सौम्य होते. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात १९९७ पासून खुंट, छाटणी आणि रोगव्यवस्थापन या विषयांवर संशोधन होत आहे.

वायनरीतील उपाय आणि बाटलीवरील वर्ष

हवामानाने बिघडवलेले काही प्रमाणात वायनरीत सावरता येते. तोडणी पहाटे गारव्यात केली जाते, म्हणजे फळ तापण्याआधी टाकीपाशी पोहोचते. आम्ल कमी असल्यास टार्टारिक आम्ल घालतात. उत्तर फ्रान्समध्ये थंड वर्षी रसात साखर मिसळण्याची प्रथा आहे. नाशिकची गरज तिच्या अगदी उलट. वेगवेगळ्या गावांतील आणि वेगवेगळ्या तारखांना छाटलेल्या बागांतील वाइन एकत्र करून मोठ्या वायनरी चढउतार सौम्य करतात. एकाच मळ्यावर विसंबणाऱ्या लहान वायनरीला ही सोय नसते, त्यामुळे तिच्या वाइनमध्ये वर्ष अधिक ठळक उमटते. बागेत प्लास्टिक आच्छादन आणि गारपीटरोधक जाळी यांचा वापर होऊ लागला आहे. मात्र त्यांचा खर्च वाइन द्राक्षांच्या दरात क्वचितच भरून निघतो.

उत्पादनातील प्रत्येक घट हवामानाच्या माथी मारणेही चुकीचे ठरेल. २००८ नंतर वाइनची मागणी घसरली, द्राक्षे उचलली गेली नाहीत आणि पुढील काही वर्षांत अनेक शेतकऱ्यांनी वाइन जाती उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. त्या काळातील आकडे वाचताना 'फयान'चा पाऊस आणि बाजाराची मंदी वेगळी काढून पाहावी लागतात.

बाटलीवर छापलेले वर्ष हे तोडणीचे वर्ष असते. २०२४ असे लिहिलेल्या नाशिकच्या वाइनचे घड एप्रिल-जून २०२३ मध्ये काडीत तयार झालेले असतात, त्यांनी २०२३ चा परतीचा पाऊस आणि काही बागांत नोव्हेंबरची गारपीट सोसलेली असते. २०२४ चे त्यांच्या वाट्याला आलेले असतात ते पिकण्याचे शेवटचे एक ते तीन महिने. युरोपच्या वाइनवरील वर्षात त्या वर्षीचा वसंत, उन्हाळा आणि शरद सामावलेले असतात. नाशिकच्या वाइनचे वर्ष वाचताना म्हणून एक वर्ष मागे जावे लागते.